‘फॉर्म भरा आणि पुढे पाठवा’: फॉरवर्ड होत आलेल्या सर्व्हेवर कधी विश्वास ठेवायचा?

व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लिंक येते. ‘डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांसाठी छोटा सर्व्हे आहे. दोन मिनिटं लागतील. भरा आणि आपल्या मित्रांना पाठवा.’ तुम्ही भरता, दोन ग्रुपवर टाकता आणि विसरून जाता. पंधरा-वीस दिवसांनी त्याच सर्व्हेचं पोस्टर इन्स्टाग्रामवर फिरायला लागतं. ‘इतके टक्के डिलिव्हरी कामगार म्हणतात की...’

हे टक्के नेमके कुणाचे? सगळ्या डिलिव्हरी कामगारांचे, की ज्यांच्या ग्रुपवर लिंक पोहोचली त्यांचे?

गंमत म्हणजे ‘मित्राने मित्राला पाठवायचं’ हीच युक्ती जगभरातले संशोधक अतिशय गंभीर कामासाठी वापरतात. एचआयव्हीचा फैलाव किती आहे, मजुरांची मजुरी किती बुडते, असे प्रश्न ते याच मार्गाने सोडवतात. मग त्यांच्या सर्व्हेत आणि आपल्या फॉरवर्डमध्ये फरक काय? फरक आहे तो साखळीचा हिशेब ठेवण्याचा. तो कसा ठेवतात आणि ऑनलाइन आल्यावर तो कुठे बिघडतो, हे समजून घेऊ.

यादीच नाही, तर माणसं निवडायची कुठून?

कुठल्याही चांगल्या सर्व्हेला आधी एक यादी लागते. मतदारांचा कौल घ्यायचा तर मतदार यादी असते. शाळेतल्या मुलांची पाहणी करायची तर पटावरची नावं असतात. त्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी माणसं निवडली, की हजार-दोन हजार जणांच्या उत्तरांवरून लाखोंबद्दल बोलता येतं.

पण काही लोकांची यादीच नसते. इंजेक्शनने अमली पदार्थ घेणारे, समलैंगिक पुरुष, तृतीयपंथी, कागदपत्रांशिवाय राहणारे स्थलांतरित, रोख मजुरीवर काम करणारे. यातल्या अनेकांना यादीत यायचंच नसतं. नाव कळलं तर नोकरी जाईल, घरातून बाहेर काढतील, पोलीस दारात येतील, ही भीती असते. संशोधनाच्या भाषेत अशांना ‘छुपी लोकसंख्या’ म्हणतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय ‘इतर’ हा पर्याय होता. देशभरात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद त्याखाली झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची. पण प्रगणक दारात येतो, तेव्हा बहुतेक घरांत उत्तरं देतो तो घरातला मोठा माणूस. ज्याने आईवडिलांनाच काही सांगितलेलं नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात होणार? घरच्यांना माहीत असूनही त्यांनी लपवलं तर? त्यामुळे हा आकडा किमान म्हणून ठीक आहे, त्याला अंतिम मानता येत नाही. २०२७च्या जनगणनेत ऑनलाइन स्वयंगणनेची सोय आहे. पण तिथेही एका घराचा एकच फॉर्म भरला जातो. तो कोण भरणार, हा प्रश्न उरतोच.

आणि हा काही नुसता आकडेमोडीचा विषय नाही. दवाखाना किती मोठा हवा, औषधं किती लागतील, योजनेला पैसे किती द्यायचे, हे आकड्यांवर ठरतं. जे मोजले जात नाहीत, त्यांच्या वाट्याला काही येतही नाही.

उत्तरं खूप आली म्हणजे सर्व्हे खरा?

नाही. याचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला १९३६ चा आहे. अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी मतपत्रिका पाठवून कौल घेतला. वीस लाखांहून जास्त उत्तरं परत आली. त्यांच्या जोरावर साप्ताहिकाने आल्फ्रेड लँडन जिंकणार असं जाहीर केलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली.

चूक कुठे झाली? पत्ते काढले होते ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारगाड्यांच्या याद्यांवरून. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे होती, हे सांगायला नको. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली, ते बाकीच्यांपेक्षा वेगळे होते.

‘आमच्या सर्व्हेत ५० हजार जणांनी भाग घेतला’ असं कुणी म्हणालं, की हे साप्ताहिक आठवावं. आकडा मोठा असला म्हणजे चूक लहान होत नाही. उलट ती जास्त आत्मविश्वासाने सांगितली जाते.

साखळीला नियम कुणी लावले?

ओळखीतून ओळख काढत जाण्याची पद्धत जुनी आहे. तिला ‘स्नोबॉल सॅम्पलिंग’ म्हणतात आणि संख्याशास्त्रज्ञ लिओ गुडमन यांनी १९६१ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. अडचण अशी, की ही साखळी सुरुवातीच्या माणसांभोवतीच घुटमळते. सुरुवात पाच कॉलेजच्या मुलांपासून केली तर शेवटपर्यंत कॉलेजचीच मुलं येत राहतात.

१९९७ मध्ये समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी यावर उपाय मांडला. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही प्रतिबंधाचं काम चाललं होतं, त्यातून ही पद्धत तयार झाली. नाव ‘रिस्पॉन्डंट ड्रिव्हन सॅम्पलिंग’, थोडक्यात आरडीएस. म्हणजे उत्तर देणाऱ्यांनीच पुढची माणसं आणायची. नियम साधे आहेत.

पहिला नियम: सुरुवात मोजक्या आणि एकमेकांपेक्षा वेगळ्या माणसांपासून करायची.

दुसरा: प्रत्येकाला ठरावीकच कूपनं द्यायची, साधारण तीन किंवा चार. शंभर ओळखी असल्या तरी माणसं तेवढीच आणता येतील. त्यामुळे एकाच ‘भाऊं’चा गोतावळा सगळा सर्व्हे व्यापत नाही आणि साखळी लांब जाते. साखळी जितकी लांब, तितका सुरुवातीच्या माणसांचा प्रभाव कमी.

तिसरा: प्रत्येक कूपनवर क्रमांक असतो. कोणत्या क्रमांकाने कोणता क्रमांक आणला, याची नोंद ठेवायची. नावाची गरज नाही.

चौथा: मोबदला दोनदा द्यायचा. एकदा स्वतः उत्तरं दिल्याबद्दल आणि एकदा माणूस आणल्याबद्दल.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. प्रत्येकाला विचारायचं, ‘तुमच्यासारखे किती जण तुमच्या ओळखीचे आहेत?’

ओळखी मोजायच्या कशासाठी?

ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्यापर्यंत कूपन पोहोचण्याची शक्यता जास्त. म्हणजे साखळीच्या सर्व्हेत मित्रपरिवार मोठा असलेली माणसं जास्त येणार आणि एकटीदुकटी माणसं सुटणार. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ मध्ये हेच वेगळ्या अंगाने दाखवलं होतं. सरासरी पाहिली तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात, कारण लोकप्रिय माणसं पुष्कळांच्या यादीत असतात.

मग यावर तोड काय? ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्या उत्तराचं वजन कमी धरायचं. ज्याच्या कमी, त्याचं जास्त.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा १०० जण सर्व्हेत आले. प्रश्न आहे, ‘मोफत तपासणी कुठे होते, हे माहीत आहे का?’ त्यातल्या ५० जणांच्या प्रत्येकी २० ओळखी आहेत आणि त्यातले ४० ‘हो’ म्हणाले. उरलेल्या ५० जणांच्या प्रत्येकी ५ ओळखी आहेत आणि त्यातले १० ‘हो’ म्हणाले. सरळ बेरीज केली तर १०० पैकी ५० म्हणजे ५० टक्के लोकांना माहिती आहे.

आता वजन लावा. २० ओळखीवाल्याचं वजन १/२०, ५ ओळखीवाल्याचं १/५. पहिल्या गटाचं एकूण वजन अडीच, दुसऱ्याचं दहा, मिळून साडेबारा. ‘हो’ म्हणणाऱ्यांचं वजन पहिल्या गटात दोन आणि दुसऱ्यातही दोन, मिळून चार. साडेबारापैकी चार म्हणजे ३२ टक्के.

५० चे ३२ झाले. माणसं तीच, उत्तरंही तीच. फक्त जे एकटे पडलेत आणि म्हणून ज्यांच्यापर्यंत माहिती जात नाही, त्यांचा आवाज हिशेबात आला. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फॉर्ममध्ये ‘तुमच्या ओळखीचे किती?’ हा प्रश्न नसतो, त्यामुळे हे वजन लावायची सोयच नसते.

याचा खरोखर उपयोग झाला का?

झाला. २००८ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये कमी पगारावर राबणाऱ्या ४,३८७ कामगारांची पाहणी याच पद्धतीने झाली. मालकाच्या परवानगीने कारखान्यात जाऊन विचारलं असतं, तर खरं कुणी सांगितलं नसतं. एका कामगाराने दुसऱ्याला आणलं, म्हणून लोक बोलले. आदल्या आठवड्यात कायद्याने ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पैसे मिळाले, असं २६ टक्क्यांच्या बाबतीत आढळलं.

भारतात २०१३ मध्ये १५ शहरांतल्या इंजेक्शनने ड्रग्ज घेणाऱ्या १४,४८१ जणांची पाहणी अशाच साखळीने झाली. लोक केंद्रावर यायचे, रक्ततपासणी व्हायची. सुमारे ३७ टक्के जणांच्या रक्तात हेपेटायटिस सी विषाणूच्या संसर्गाची खूण सापडली. त्यांच्यापैकी जेमतेम साडेपाच टक्क्यांना हे आधी माहीत होतं. हा आजार औषधाने बरा होऊ शकतो. दुर्लक्ष झालं तर यकृत निकामी होऊ शकतं. हा फक्त टक्केवारीचा खेळ का नाही, ते इथे कळतं. दवाखान्यात येणाऱ्यांनाच मोजलं असतं, तर ही माणसं कुठल्याच कागदावर दिसली नसती.

मग हे ऑनलाइन कधी आलं?

२००८ मध्ये सिप्रियन वेजनर्ट आणि हेकाथॉर्न यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर ऑनलाइन आरडीएस करून पाहिलं. विद्यार्थीच का निवडले? कारण विद्यापीठाकडे खरे आकडे होते आणि निकाल त्यांच्याशी ताडून पाहता येत होता. काम फार झपाट्याने झालं.

पण विद्यार्थी काही लपून राहत नाहीत. खरी परीक्षा झाली ती व्हिएतनाममध्ये, १८ फेब्रुवारी ते १२ एप्रिल २०११ या काळात. पुरुषांशी शरीरसंबंध आलेल्या पुरुषांचा हा सर्व्हे होता. मित्राकडून निमंत्रण आलं की लॉग इन करायचं, उत्तरं द्यायची आणि जास्तीत जास्त चार मित्रांना बोलवायचं. कुठल्या केंद्रावर जायचं नाही, कुणाला तोंड दाखवायचं नाही. २० जणांपासून सुरू झालेली साखळी २४ फेऱ्यांमध्ये ६७६ जणांपर्यंत पोहोचली, तीही आठ आठवड्यांच्या आत.

आता याच सर्व्हेतले दुसरे आकडे बघा. सरासरी वय निघालं २२ वर्षं. ८२ टक्के जण देशातल्या दोन मोठ्या महानगरांच्या भागातले. त्यावेळच्या ६३ प्रांतांपैकी ३२ प्रांतांतून निदान कुणीतरी आलं. म्हणजे ३१ प्रांतांतून एकही नाही.

याचा अर्थ सर्व्हे वाया गेला असा नाही. त्याने नेटवर असलेल्या तरुण, शहरी पुरुषांचं चित्र दाखवलं. खेड्यात राहणारा, लग्न झालेला, पन्नाशीतला आणि इंटरनेट न वापरणारा माणूस त्या चित्रात जवळपास नव्हताच. जो साखळीला जोडलेलाच नाही, त्याला कितीही वजन द्यायचं ठरवलं तरी वजन लावायला तो हिशेबात असावा लागतो.

पद्धत स्वतः किती खरी?

हे तपासायचं तर ज्यांचे खरे आकडे आधीच माहीत आहेत, अशा लोकांवर ती वापरून बघावी लागते. युगांडाच्या ग्रामीण भागात संशोधकांनी नेमकं हेच केलं. तिथल्या २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची माहिती आधीपासून नोंदवलेली होती. त्यांच्यात साखळी सोडली आणि ९२७ जण आले.

२०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. नमुना बऱ्यापैकी सगळ्यांसारखा होता, पण तरुण आणि सधन पुरुष त्यात कमी आले. धक्का पुढे होता. वजन लावून काढलेले अंदाज साध्या बेरजेपेक्षा खऱ्या आकड्याच्या जवळ गेले, ते फक्त ३१ ते ३७ टक्के वेळा. आणि ‘खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये असणार’ अशी जी ९५ टक्के खात्री दिली जाते, ती प्रत्यक्षात ५० ते ७४ टक्के वेळाच खरी ठरली.

त्याआधी २०१० मध्ये शरद गोयल आणि मॅथ्यू साल्गानिक यांनीही हाच इशारा दिला होता. ही पद्धत मानली जाते त्यापेक्षा बरीच कमी अचूक आहे आणि तिच्या निकालांसोबत दिलेली चुकीची मर्यादा दिशाभूल व्हावी इतकी लहान असते.

मग टाकून द्यायची का? नाही. कारण समोर दुसरा पर्याय बहुतेक वेळा ‘काहीच माहिती नाही’ हा असतो. पण निकाल वाचताना ‘३२ टक्के’ असं ठाम न वाचता ‘साधारण तिसरा हिस्सा, थोडा इकडे तिकडे’ असं वाचावं. आणि ज्या सर्व्हेत साखळीची नोंदच नाही, तिथे तर चूक किती आहे याचा अंदाजही करता येत नाही.

ऑनलाइन साखळीत खोटी माणसं शिरली तर?

शिरतात. भारतातल्या त्या पाहणीत एकच माणूस दोनदा येऊ नये म्हणून बोटांच्या ठशांवरून सांकेतिक क्रमांक तयार केला जायचा. ऑनलाइन हे कसं करणार? शंभर रुपयांसाठी कुणीही चार ईमेल उघडून स्वतःलाच चार वेळा ‘मित्र’ म्हणून आणू शकतो.

आता त्यात एआयची भर पडली आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजचे शॉन वेस्टवुड यांनी २०२५ मध्ये ‘पीएनएएस’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. एआयने चालणारा बनावट उत्तरदाता ऑनलाइन सर्व्हेतल्या नेहमीच्या ‘लक्ष आहे ना?’ छापाच्या चाचण्यांमधून ९९.८ टक्के वेळा पार झाला. खुल्या लिंकवर भरून आलेल्या फॉर्ममध्ये माणूस कोण आणि यंत्र कोण, हे ओळखणं आता फार अवघड आहे.

इथे साखळीचा एक फायदा होतो. एकदाच चालणारी लिंक असेल आणि ती ओळखीच्या माणसाकडूनच येत असेल, तर बाहेरच्या बॉटला शिरायला वाट कमी मिळते. एखाद्या फांदीवर दहा मिनिटांत चाळीस फॉर्म भरले गेले, तर नोंदीत ते लगेच दिसतं आणि तेवढी फांदी छाटता येते. खुल्या लिंकमध्ये फांदीच नसते, छाटणार काय?

सगळ्यात मोठा धोका कुणाला?

संशोधकाला नाही, उत्तर देणाऱ्याला. कुणी कुणाला आणलं, याची नोंद ही या पद्धतीची ताकद आहे. तीच नोंद चुकीच्या हातात पडली, तर तो लपून जगणाऱ्या लोकांच्या ओळखींचा तयार नकाशा होतो. एक नाव कळलं की पूर्ण साखळी उघडी.

कागदी कूपनवर फक्त क्रमांक असायचा. ऑनलाइन सर्व्हेत फोन नंबर, ईमेल, आयपी ॲड्रेस, लोकेशन असं बरंच काही नकळत गोळा होतं. आपल्याकडे त्यात आणखी एक गोष्ट. मोबदल्याचे पैसे यूपीआयवर पाठवायचे म्हटलं की बँकेतलं नाव समोर येतं. म्हणजे ‘तुमचं नाव विचारणार नाही’ असं सांगून केलेल्या सर्व्हेत शंभर रुपयांच्या बदल्यात नाव दिलंच जातं. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण ठरावीक निकष पाळले तर संशोधनाला त्यातून सूट आहे. त्यामुळे बरंचसं संशोधकाच्या सचोटीवर सोडलेलं आहे.

आणखी एक नाजूक बाब. मित्राला लिंक पाठवणं म्हणजे ‘तूही यातला आहेस’ असं लेखी सांगणं. लिंक चुकून घरच्या ग्रुपवर गेली, तर परत घेता येत नाही.

लिंक तुमच्याकडे आली तर काय बघायचं?

भरण्याआधी: सर्व्हे कोण करतंय आणि कोणत्या संस्थेच्या आचारसंहिता समितीने त्याला मान्यता दिली आहे, हे लिहिलंय का? मोबदला देताना नाव किंवा नंबर लागणार आहे का? माहिती किती दिवसांनी पुसणार?

पाठवण्याआधी: लिंक फक्त तुमच्यासाठी आहे, की कुणीही कितीदाही भरू शकतो? किती जणांना पाठवायची याला मर्यादा आहे का? असेल तर ती पाळा. ग्रुपवर टाकू नका. ज्याला पाठवताय, त्याला आधी विचारा.

निकालाची बातमी वाचताना: सुरुवात कुणापासून केली? किती फेऱ्या झाल्या? ओळखींची संख्या विचारून वजन लावलं होतं का? आणि कोण सुटलं, हे सर्व्हे करणाऱ्यांनी स्वतःहून सांगितलंय का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बातमीत नसेल, तर तिथल्या टक्क्यांना त्या ग्रुपचं मत समजा. त्यापलीकडच्या लोकांबद्दल ते टक्के काहीच सांगत नाहीत.